छठची भीक आणि आमचं किट

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. भाजणीची दळणं.

दिवाळीच्या तोंडावर माझ्या गिरणीत पाय ठेवायला जागा नसते. डब्यांची रांग दारातून रस्त्यावर जाते आणि प्रत्येकीला वाटतं, आपण घरी गेलो की ही आपला डबा मागे सारणार. माझी पद्धत ठरलेली आहे. सकाळी तांदूळ, मग गहू, दुपारनंतर भाजणी आणि सगळ्यात शेवटी हरभऱ्याची डाळ. बेसन दगडाला चिकटून बसतं आणि पुढच्या बाईच्या पिठात उतरतं, म्हणून त्याचा नंबर शेवटी. यावर दर वर्षी भांडणं होतात, आणि दर वर्षी मी ऐकत नाही.

त्या दुपारी भाजणी चालू असताना ती आली. ती म्हणजे शिरोलीच्या एका फौंड्रीत माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराची बायको. बिहारची. आमच्या कॉलनीच्या मागच्या बाजूला, हायवेकडे, त्यांचं भाड्याचं घर आहे. बरीच वर्षं झाली इथे येऊन. पहिल्यांदा माझ्याकडे आली होती ती भाजलेले हरभरे घेऊन, आणि मी तिला सांगितलं होतं, बेसन शेवटी. ती म्हणाली, बेसन नाही, सत्तू. मला सत्तू ठाऊक नव्हतं. दळून झाल्यावर तिने तिथेच पाण्यात कालवून, मीठ-लिंबू घालून मला प्यायला दिलं. उन्हाळ्याचे दिवस होते. मी दुसरा पेला मागितला आणि धंदा सुरू झाला. हरभरे ती भाजते, मी दळते, पाकिटं गिरणीत ठेवते. फौंड्रीतली तिकडची पोरं सकाळी कामावर जाताना घेऊन जातात, आणि आता आमच्या कॉलनीतले जिमला जाणारेही. उलट बाजूने, ती दर उन्हाळ्यात गावी जाताना माझा कांदा-लसूण मसाला घेऊन जाते आणि तिकडे विकते. तिची जाऊ म्हणे फोनवर आधी मसाल्याची चौकशी करते, मग दिराची.

सांगायचं हे की ती गरीब नाही. कानात सोनं, दाराशी स्कूटर, मुलगा इंग्रजी शाळेत. त्या दिवशी मात्र ती पायी आली, अनवाणी. धुतलेली पिवळी साडी नेसली होती. रांगेतल्या बायकांना बाजूला सारून ती थेट गिरणीच्या उंबऱ्याशी आली आणि तिने दोन्ही हातांनी पदर पसरला.

"चाची, छठ करते हाय मी. भीक घाला."

मी पट्टा थांबवला. ऐकण्यात चूक नको म्हणून.

"काय म्हणालीस?"

"भीक घाला चाची. थोडीशी."

"काय झालंय? मालक बरं हाईत न्हवं?"

"सब ठीक है."

"मग ह्ये काय?"

"एक मूठ घाला. नाही म्हणू नका."

रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "कानातलं बघ की तिच्या. आन् भीक म्हणं." दुसरी म्हणाली, "बेंटेक्स असंल." मी दोघींना गप्प केलं. मला एकच कळत होतं. आपल्याकडच्या बायकाही घर बुडत असताना 'सगळं बरं चाललंय' असंच म्हणतात. छठ म्हणजे दिवाळीनंतरचा त्यांचा मोठा सण; त्याचं सामान आणायला पैसे नाहीत आणि अभिमानापायी सांगता येत नाही, म्हणून ही अशी आली. मूठभर पिठाने काय होणार? आणि माझ्या बरोबरीने धंदा करणाऱ्या बाईच्या पदरात मूठभर पीठ टाकायचं, ते मला बरं दिसेना.

"पदर आवर आधी," मी म्हणाले. "घरी जा. मी बघतो काय करायचं ते."

 तिने पदर घडी करून खांद्यावर टाकला आणि निघून गेली. मी पुन्हा पट्टा चढवला.

आमच्या कॉलनीत महिला मंडळ आहे. पूर येतो तेव्हा त्याला काम असतं, एरवी हळदीकुंकू आणि सहली. पुरात आम्ही एक पद्धत बसवली: तांदूळ, डाळ, तेल, साखर, मीठ, मसाला, साबण, सगळं एका पिशवीत. त्याला किट म्हणतात. किट देताना मागे मंडळाचा बॅनर धरायचा आणि फोटो काढायचा. ज्यांनी सामान दिलं त्यांना ते पोचल्याचं दिसलं पाहिजे. यात मला कधी काही गैर वाटलं नाही, आणि आताही हिशेबाच्या दृष्टीने वाटत नाही.

मी मंडळाच्या सेक्रेटरीबाईंना फोन केला. त्या माझ्या शाळेतल्या मैत्रीण.

"ठेकेदाराची बायको? स्कूटरवाली?"

"व्हय."

"भीक म्हणाली? ह्याच शब्दात?"

"ह्याच."

"मग लईच झालंय बघ. गरीब मागतंय त्ये रोजचं हाय. असल्या घरातली बाई पदर पसरती म्हंजे आत काय उरलेलं न्हाय."

हे मला पटलं. आजही कुणी असं बोललं तर पटेल.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. गिरणीवर आमच्या ह्यांना बसवून मी गेले. आम्ही पाच-सहाजणी होतो. ती दारातच गहू निवडत बसली होती. बॅनर बघून उठली.

"चाची, इतना नहीं," ती पिशवीकडे बघून म्हणाली. "इतकं नको मला."

"असू दे गं," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "लाजायचं न्हाय. आपण सगळ्या बायकाच हाय की. पिशवी जरा वर धर. हां. आन् हस की जरा, दिवाळी हाय."

ती हसली. फोटोत ती हसते आहे. पिशवी तिने घरात नेली नाही, उंबऱ्याबाहेर चपलांच्या शेजारी ठेवली. मी ते पाहिलं, आणि आत जागा नसेल असं म्हणून सोडून दिलं. फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेला. तिथून कुठे कुठे गेला ते मला भाऊबीजेपर्यंत कळलं नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे हे कामावरून जेवायला आले. हे शिरोलीतच दुसऱ्या एका फौंड्रीत सुपरवायझर आहेत. ताटावर बसायच्या आधीच म्हणाले, "तुमच्या मंडळानं काय करून ठेवलंय ठावं हाय काय?"

"काय केलंय?"

"त्या ठेकेदाराचं बुडालं म्हणून बोंब झालीया सगळीकडं. बायकोला मंडळाचं रेशन घ्यायची पाळी आली म्हणं. फोटो बघितला की मी. तू बी हाईस त्यात, बॅनरचं टोक धरून."

"मग बुडालं न्हाय?"

"कशाला बुडतंय? गेल्या महिन्यात दोन नवीन ग्राइंडर घेतल्यात त्यानं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. कास्टिंगच्या कडा घासून काढायचं काम या ठेकेदाराकडे आहे. त्याची सगळी माणसं त्याच्याच गावची आणि आसपासची, त्याच्या शब्दावर इतक्या लांब आलेली. फोटो त्यांच्यापर्यंत पोचला. ज्याच्या घरात अन्न नाही तो आपला पगार कुठून देणार, असं ती बोलायला लागली. दुसरा एक ठेकेदार मिठाईचे बॉक्स घेऊन त्यांच्या खोल्यांवर जाऊन आला. छठ झाली की ही माणसं त्याच्याकडे जाणार असं चाललं आहे. माणसं गेली तर ठेका गेला. ठेका गेला तर त्याला इथे थांबायचं कारण नाही.

"मग ती भीक मागायला का आली?" मी विचारलं.

"त्ये मला काय इचारतीस? वाढ."

मी वाढलं.  पैसा आहे, तरी भीक मागितली. मागितली, तरी दिलेलं नको म्हणाली.

संध्याकाळ व्हायच्या आत ठेकेदार स्वतः आला. उंच, सावकाश बोलणारा माणूस. त्याच्या उजव्या हातावर मनगटापासून बोटांपर्यंत भाजल्याचे डाग आहेत. मागच्या वर्षी वितळलेलं लोखंड हातावर उडालं होतं, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याने आमचं किट माझ्या काउंटरवर ठेवलं. पिशवीची गाठ सोडलेली नव्हती.

"काकी, आम्ही भिकारी हाय का?"

"तुमचीच बायको माझ्या दारात पदर पसरून उभी ऱ्हायली हुती," मी म्हणाले. "साऱ्या रांगेनं बघितलंय."

"वो तो छठी मैया के लिए."

"पण मागितली न्हवं?"

"मन्नत थी, काकी. ह्या हातासाठी." त्याने हात पुढे केला, बोटं मिटून उघडून दाखवली. "डॉक्टर बोलले होते दोन बोटं कापावी लागतील. तिने मैयाला सांगितलं, बोटं वाचली तर यंदाची छठ भीक मागून करेन. माझ्या पैशातला एक दाणाही नाही. लोकांच्या दारात उभी राहून, मूठ-मूठ मागून. असं करतात आमच्याकडे. मोठमोठ्या घरच्या बायका करतात."

"म्हंजे ज्याच्याकडं हाय त्यानंच मागायचं?"

"ज्याच्याकडे नाही तो मागेल त्यात काय मन्नत?"

"मग हे आधी सांगायचं न्हाय होय तिनं?"

"तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी विचारलं होतं. काय झालंय म्हणून विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती सगळं ठीक आहे. आणि होतंच ठीक. मी पिशवीची गाठ बघत विचारलं, "पिशवी उघडली का न्हाय मग?"

"त्यात कांदा-लसूण आहे, काकी. तुमचाच मसाला, बाहेरूनच वास येतो. छठच्या घरात चालत नाही."

तो गेल्यावर मी सेक्रेटरीबाईंना बोलावून घेतलं. त्या काउंटरच्या स्टुलावर बसल्या आणि पिशवीकडे बघत राहिल्या.

"मग आता खुलासा टाकू या ग्रुपवर," त्या म्हणाल्या. "सदर महिला गरीब नसून..."

"गप बस."

"मग काय करायचं? भीक म्हणाली का न्हाय ती? आपल्याला काय स्वप्न पडलं हुतं? आपल्यात कोण अशी सोनं घालून भीक मागत फिरतंय सांग की."

मी सांगणार होते, कुणी नाही. आणि तेवढ्यात मला माझी आई आठवली. आमचं घर उसाचं, खाऊन-पिऊन सुखी. पण नवरात्रात मंगळवारी आणि शुक्रवारी आई हातात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायची. नाकात नथ, अंगावर चांगलं लुगडं. लोक मूठभर पीठ परडीत घालायचे, पाया पडायचे. तिला कुणी विचारलं नाही की बाई, काय झालं, मालक बरे आहेत ना. कुणी किट दिलं नाही. माझ्या गिरणीच्या दारातही दर नवरात्रात जोगवा मागणाऱ्या येतात. मी हातातलं काम न थांबवता मूठ घालते. त्यातल्या काहींना माझ्यापेक्षा जास्त एकर आहेत.

मी हे सेक्रेटरीबाईंना बोलून दाखवलं.

"जोगव्याचं येगळं," त्या म्हणाल्या.

"कसं येगळं?"

त्यांनी बराच विचार केला. "आपल्याला ठावं असतंय की त्यो जोगवा हाय म्हणून," त्या म्हणाल्या, आणि चहा न घेता गेल्या.

मी गिरण बंद करून तिच्या घरी गेले. जाताना दोन किलो गहू आणि गुळाची ढेप घेतली, एवढं तरी करावं म्हणून. ती चुलीची जागा शेणाने सारवत होती. रागावलेली दिसत नव्हती. माझ्याकडे बघून हात धुतले, पाट दिला.

"किती दारं झाली?" मी विचारलं.

"पाच बोलली होती. चार झाली." ती मराठी आणि हिंदी मिसळून बोलते, अधूनमधून आमच्यासारखं 'व्हय की' म्हणते. "एका घरी साखर दिली. एका घरी म्हणाल्या पुढं जा, मग परत बोलवून नारळ दिला. आपल्या गावच्या लोकांकडे मागितलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं. पण चाची, खातो इथलं. मग इथेच मागायला पाहिजे ना?"

"पाचवं दार कुणाचं?"

तिने माझ्याकडे बघितलं. त्यावरून कळलं.

मी गहू आणि गूळ पुढे ठेवला. "ह्ये घे मग. झाली पाच."

ती हसली. "घरी आणून दिलं तर ती भीक कशी होईल चाची? ते तर तुमचं देणं झालं."

"मी चांगलं पोतंभर आणून दिलं तरी न्हाय चालणार, आन् दारात मूठभर टाकलं की चालणार?"

"व्हय की."

"मग उद्या ये माझ्या दारात."

तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. ठेकेदार दारात येऊन उभा होता.

"नाही काकी," तो म्हणाला. "आता ती बाहेर जाणार नाही. उद्यापासून छठ सुरू होतेय. सगळे बघतायत. परत पदर पसरून गेली तर आमचं बुडालं हे लोकांना खरंच वाटेल."

"हातासाठीचा नवस अर्धा ठेवणार?"

"हात वाचला. आता घर वाचवायचंय." मग जरा चिडून म्हणाला, "तुम्हाला काय काकी, तुमची गिरण बुडाली असं कुणी नाही म्हणणार."

"म्हणू देत की," मी म्हणाले. "उद्या मी बी मागतो हिच्यासंगं. तुझ्या माणसांच्या खोल्यांवर बी येतो. बघू काय म्हणत्यात."

हे मी ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून गेलं. त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे. तिला तसं वाटलं नाही. तिने नुसतं विचारलं, "अनवाणी चालाल?"

घरी ह्यांना सांगितलं तर ते माझ्याकडे बघत राहिले.

"तुला कशासाठी मागायचंय?"

"ठावं न्हाय."

"नवस हाय काय?"

"न्हाय."

"उद्या शनवार. शनवारी जोगवा नसतोय."

"जोगवा न्हाय त्यो."

"मग काय हाय?"

 त्यांच्या छठी मैयाचं मला काही माहीत नाही. माझ्या देवीकडे मी आई गेल्यावर कधी काही मागितलं नाही, पदर पसरून तर नाहीच. जे मागायचं ते काम करून घ्यायचं, अशी माझी समजूत आहे, आणि ती काही बदलली नव्हती. उद्या कुणाच्या नावाने पदर धरायचा, हे मला झोपेपर्यंत ठरवता आलं नाही.

सकाळी ती आली. नवऱ्याला तिने कसं पटवलं ते तिलाच ठाऊक, पण पाठोपाठ काही अंतर सोडून ठेकेदारही आला आणि विजेच्या खांबाशी थांबला. ती गिरणीच्या उंबऱ्याशी उभी राहिली, पदर पसरला आणि म्हणाली, "चाची, भीक घाला." मी काही विचारलं नाही. गव्हाची एक मूठ घातली. तिचं पाचवं दार झालं. तिथे थांबलं असतं तरी तिच्यापुरतं चाललं असतं. मी चपला काढल्या, शटर ओढलं आणि तिच्याबरोबर निघाले.

पहिलं दार सेक्रेटरीबाईंचं. त्या फोन हातात घेऊनच बाहेर आल्या.

"अगं बया! तू पण?"

"फोन आत ठेव आन् मूठ घेऊन ये."

त्या आत गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या. तिच्या पदरात तांदूळ घातले, मग माझ्यासमोर अडल्या. "तुझ्यात कशाचं घालू?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हणाले, मला ठाऊक नाही. त्यांनी तांदूळच घातले.

मग हायवेच्या कडेने आम्ही माणसांच्या खोल्यांवर गेलो. रस्त्यावरची खडी पायाला टोचत होती आणि मला सवय नाही. नळावर माणसं दात घासत होती, कुणी कपडे पिळत होतं. आम्हाला बघून सगळे होते तिथे थांबले. ठेकेदार मागे, रस्त्याच्या पलीकडे उभा होता. तिने पदर पसरला. मीही पसरला. कुणी हललं नाही. रोज माझ्याकडून सत्तू नेणारा एक जण टॉवेल खांद्यावर टाकून पुढे आला. त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चाची, गिरणी बंद हो गई क्या?"

"बंद कशाला हुतीया? अकराला उघडणार हाय. तू आधी भीक घाल."

मागे कुणीतरी हसलं. एक वयस्क माणूस खोलीत गेला आणि स्टीलच्या ताटलीत तांदूळ घेऊन आला. त्याने आधी तिच्यासमोर वाकून नमस्कार केला, अर्धे तिच्या पदरात घातले, उरलेले माझ्या. मग दुसरा आला. तिसरा तिला काहीतरी त्यांच्या बोलीत म्हणाला आणि तिने त्याला तसंच फटकन उत्तर दिलं. माझी मान तिच्याकडे वळली, पण तिने मला अर्थ सांगितला नाही. ते सगळे ठेकेदाराकडे राहणार की दुसऱ्याबरोबर जाणार, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून मला कळलं नाही. दोघे-तिघे रस्ता ओलांडून त्याच्याशी बोलायला गेले, एवढं मी पाहिलं.

माझ्या पदरात जे पडलं होतं ते मी तिच्या पदरात ओतलं. ती म्हणाली, हे चालेल की नाही ते तिलाही ठाऊक नाही, गावी फोन करून सासूला विचारावं लागेल. मग मी चालत परत आले, पाय धुतले आणि गिरण उघडली. दोघी डबे घेऊन उभ्या होत्या. एकीच्या डब्यात हरभऱ्याची डाळ होती. तिला सांगितलं, बेसन शेवटी.